हिब्रू बायबलमधला 'लामेद': मराठी 'ला'चं बोट धरून

हिब्रू वाचायला बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक अक्षर सारखं भेटायला लागतं. ओळीतली बाकीची अक्षरं साधारण एका उंचीची, आणि मध्येच एक मान वर काढून उभं. ते लामेद, म्हणजे आपला 'ल'. ओळीच्या वर डोकं काढणारं हिब्रू लिपीतलं हे एकच अक्षर, त्यामुळे ते शोधायला कष्ट पडत नाहीत. शब्दाच्या तोंडाला ते चिकटलेलं दिसलं, की पुष्कळदा ते त्या शब्दाचं स्वतःचं नसतं, पुढे जोडलेलं अव्यय असतं. हिब्रू बायबलमध्ये हे अव्यय सुमारे २०,००० वेळा येतं. हे एक नीट कळलं, तर पानावरचा बराच अंधार हटतो.

मी ते इंग्रजी व्याकरणातून शिकलो. तिथे 'टू', 'फॉर', 'ऑफ', 'बाय', 'अ‍ॅज' अशी लांबलचक यादी होती. ती पाठ केली, आणि वाचताना दर ओळीला अडखळलो. यातला कुठला अर्थ इथे लावायचा, हे यादी सांगत नव्हती. मग एकदा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात वाचताना मनातल्या मनात मराठी करत गेलो, आणि यादीची आठवणच झाली नाही. हा लेख त्यासाठीच आहे. मराठी माणसाने लामेद मराठीतून शिकावा, इंग्रजीचा वळसा घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना नवी नाही. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीतून छापली होती. पंडिता रमाबाई तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी भाषांतराला बसल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हिब्रूचा 'ले' आणि मराठीचा 'ला' यांचं नातं नाही. एक सेमिटिक घरातला, दुसरा आर्य घरातला. आवाज जुळतो तो योगायोगाने. पण कामं इतकी जुळतात, की शिकताना त्याचा फायदा न घेणं हे नुकसानच.

पहिली पायरी: एक वाक्य तोंडात बसवा

१ शमुवेल १:२. एलकाना नावाच्या माणसाची गोष्ट सुरू होते आहे. हिब्रू असं आहे:

वेलो श्ते नाशीम… वायही लिफ्निन्ना येलादीम, उलेखान्ना एन येलादीम.

मराठीत: त्याला दोन बायका होत्या… पनिन्नाला मुलं होती, आणि हन्नाला मुलं नव्हती.

'लो' म्हणजे त्याला. 'लिफ्निन्ना' म्हणजे पनिन्नाला. 'उलेखान्ना'मधला 'उ' म्हणजे आणि, 'लेखान्ना' म्हणजे हन्नाला. इंग्रजीत इथे 'हॅड' हे क्रियापद लागतं, पण हिब्रूत तसं 'जवळ असणे' दाखवणारं क्रियापदच नाही. मराठीतही नाही. आपण 'मला दोन मुलं आहेत' असं म्हणतो, आणि शमुवेलाचं पुस्तक लिहिणाराही तसंच म्हणतो. फरक जागेचा: आपला 'ला' शब्दाच्या मागे लागतो, त्यांचा पुढे.

हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा. हन्नाची सगळी कथा त्या 'एन येलादीम'मधून, म्हणजे 'मुलं नाहीत'मधून निघते, त्यामुळे ते विसरलं जात नाही.

दुसरी पायरी: रूपं ओळखा

वरच्या वाक्यातच तीन रूपं दिसली: लो, लि-, ले-. यांना घाबरू नका, सगळं उच्चाराच्या सोयीने झालेलं आहे.

साधं रूप 'ले-', त्यातला 'ए' अगदी ओझरता. लामेदच्या खाली उभे दोन ठिपके असतात, त्याला श्वा म्हणतात. पण पुढच्या अक्षराखालीही श्वा असेल, तर दोन ओझरते स्वर शेजारीशेजारी म्हणता येत नाहीत, म्हणून पहिल्याचा 'लि-' होतो. पेनिन्नाचं लिफ्निन्ना झालं ते यामुळे. श्लोमोचं (मराठी बायबलातला शलमोन) 'लिश्लोमो'. येहुदाचं 'लीहुदा', तिथे 'य' स्वरात विरून जातो. घशातून निघणाऱ्या अक्षराखाली आखूड स्वर असेल, तर लामेद त्याचाच रंग घेतो: 'लाआसोत', 'लेएखोल'.

आता खरी मेख. मराठी वाचक हमखास फसतो ती जागा ही. हिब्रूत 'हा-' हे निश्चयवाचक उपपद आहे, इंग्रजीतल्या 'द'सारखं. 'मेलेख' म्हणजे राजा, 'हाम्मेलेख' म्हणजे तो ठरावीक राजा. याला लामेद लागला, की 'ह' गळतो आणि त्याचा स्वर लामेदखाली येऊन बसतो:

लेमेलेख: कुठल्यातरी राजाला, किंवा राजा म्हणून.
लाम्मेलेख: त्या राजाला.

व्यंजनं तीच. फरक आहे तो फक्त लामेदखालच्या खुणेत आणि मेमच्या, म्हणजे 'म'च्या, पोटातल्या एका ठिपक्यात. मराठीत उपपद नसल्यामुळे आपला डोळा हा फरक बघायला तयार नसतो. दोन्हींचं मराठी 'राजाला' असंच होतं, आणि आपण पुढे जातो. सुरुवातीचे दोन महिने तरी प्रत्येक लामेदखाली बोट ठेवून विचारा: श्वा आहे की 'आ'चा स्वर? 'आ' असेल तर आत 'हा-' लपलेला असण्याची शक्यता मोठी.

सर्वनामांची रूपं एवढीच आहेत, ती पाढ्यासारखी पाठ करावीत: ली (मला), लेखा (तुला, पुरुषाला), लाख (तुला, स्त्रीला), लो (त्याला), लाह (तिला), लानू (आम्हाला), लाखेम आणि लाखेन (तुम्हाला, पुरुषांना आणि स्त्रियांना), लाहेम आणि लाहेन (त्यांना, तसंच). यात 'लाख'ची एक खोड लक्षात ठेवा. वाक्य जिथे थांबतं तिथे पुरुषाच्या 'लेखा'चंही 'लाख' होतं. ओळीच्या शेवटी 'लाख' दिसलं म्हणून समोर बाईच आहे असं समजू नका.

तिसरी पायरी: जिथे 'ला' सरळ बसतो तिथे निर्धास्त बसवा

शाळेत आपण सगळ्यांनी 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलं आहे. तीच चतुर्थी इथे कामाला येते. देणं, सांगणं, दाखवणं: 'वायोमेर लो' म्हणजे तो त्याला म्हणाला. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, १:५ मध्ये बघा:

वायिक्रा एलोहीम लाओर योम, वेलाखोशेख कारा लायला.

देवाने प्रकाशाला दिवस म्हटलं, आणि अंधाराला रात्र म्हटलं. 'लाओर' म्हणजे प्रकाशाला, 'लाखोशेख' म्हणजे अंधाराला, दोन्हीत 'हा-' लपलेला. इंग्रजी भाषांतरात हा लामेद नाहीसा होतो, मराठीत तो जसाच्या तसा उभा राहतो. शेवटच्या 'लायला'मधला 'ल' मात्र अव्ययाचा नाही, रात्र या शब्दाचाच तो भाग आहे. अशा शब्दांची ओळख हळूहळू होते: लेव म्हणजे हृदय, लेखेम म्हणजे भाकर.

क्रियापदाच्या मूळ रूपाला लामेद लागला, की आपलं '-आयला' तयार. लाआसोत: करायला. लालेखेत: जायला. लेएखोल: खायला. एदेन बागेत माणसाला ठेवलं ते कशासाठी, हे उत्पत्ती २:१५ दोन शब्दांत सांगतं: 'लेओवदाह उलेशोमराह', तिची मशागत करायला आणि ती राखायला. शेवटचा 'आह' म्हणजे 'तिची, तिला'.

आणि मला सगळ्यात आवडणारी जोडी: 'लाम्मा'. लामेद अधिक 'मा', म्हणजे 'काय'. काय-ला. आपलं 'कशाला' अगदी याच घडणीचं आहे. २२व्या स्तोत्रात आक्रोश येतो, 'एली, एली, लामा आझावतानी', माझ्या देवा, माझ्या देवा, का टाकलंस मला. वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी शुभवर्तमानात याचंच अरामी रूप आहे, आणि तिथला 'लमा' मराठी ख्रिस्ती घरांत गुड फ्रायडेला दर वर्षी कानावर पडतो. तो 'लमा' म्हणजे लामेदच.

चौथी पायरी: मालकी

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण लामेदचं सगळ्यात मोठं काम हे आहे आणि मराठी इथे अर्ध्या वाटेवर सोडते.

याकोब वीस वर्षांनी भाऊ एसावला भेटतो, पूर्वी केलेल्या फसवणुकीची भीती मनात ठेवून, कळपच्या कळप भेट म्हणून पुढे पाठवून. एसाव म्हणतो (उत्पत्ती ३३:९):

येश ली राव, आखी; येही लेखा आशेर लाख.

शब्दाला शब्द: आहे मला पुष्कळ, भाऊ, असू दे तुला, जे तुला. एका श्वासात तीन लामेद. घरगुती मराठीत, 'मला काही कमी नाही रे भावा, तुझं ते तुला राहू दे.' पहिला 'ला' जमला, दुसरा जमला, तिसऱ्या ठिकाणी मात्र 'जे तुला' म्हणता येईना, 'तुझं' म्हणावं लागलं. (शेवटचं 'लाख' पुरुषालाच उद्देशून आहे, वाक्य तिथे थांबतं म्हणून.)

म्हणजे नियम असा. मराठी मालकी वेगवेगळ्या खणांत ठेवते: 'मला मुलं आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'माझं घर आहे'. हिब्रूला तिन्हींसाठी लामेद पुरतो. चतुर्थीच्या पोटात षष्ठीही आहे असं समजा. वाचताना आधी 'ला' लावून बघा, अडलं तर 'चा-ची-चे', नाहीतर 'कडे'.

षष्ठीचा हा लामेद दगडामातीतही सापडतो. इसवी सन पूर्व आठव्या शतकाच्या शेवटी, हिज्कीया राजाच्या काळात, यहूदा राज्यात मोठ्या रांजणांच्या कानांवर शिक्के उठवलेले असत. लाखीश आणि इतर ठिकाणी असे हजाराहून अधिक कान मिळाले आहेत. त्यावर चार व्यंजनं: ल-म-ल-ख. लाम्मेलेख, राजाचं. मगिद्दोला १९०४ मध्ये एक मुद्रा सापडली, वर गर्जना करणारा सिंह आणि अक्षरं: 'लेशेमा एवेद यारोवआम', यराबामाचा सेवक शेमा याची. मालकाच्या नावाआधी लामेद घातला की झालं.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ते आठवा. स्टीलच्या डब्यावर नुसतं एक नाव कोरलेलं असतं. ते डबा ज्याच्या घरचा त्याचं, की ज्याने लग्नात आहेर केला त्याचं? घरातल्यांना माहीत असतं, बाहेरच्याने विचारावं लागतं. स्तोत्रसंहिता उघडण्याआधी हा डबा डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढचा प्रश्न नेमका हाच आहे.

पाचवी पायरी: 'मिझमोर लेदाविद'

७३ स्तोत्रांच्या डोक्यावर 'लेदाविद' आहे. मराठीत आपण सरळ 'दाविदाचे स्तोत्र' वाचतो आणि दाविदाने रचलं असं धरून चालतो. लामेद तेवढं ठामपणे सांगत नाही. दाविदाने रचलेलं, दाविदाला वाहिलेलं, दाविदाविषयीचं, दाविदाच्या नावाच्या संग्रहातलं, या सगळ्यांना तो जागा देतो.

७२वं स्तोत्र घ्या. वर लिहिलं आहे 'लिश्लोमो'. पण आत राजासाठी प्रार्थना आहे, आणि शेवटच्या ओळीत म्हटलं आहे की इशायाचा पुत्र दाविद याच्या प्रार्थना इथे संपल्या. मग 'लिश्लोमो' म्हणजे शलमोनाने केलेलं की शलमोनासाठी केलेलं? जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी दाविदाच्या नावाला साधी चतुर्थी लावली आणि इथे मात्र वेगळं अव्यय घेतलं, 'शलमोनाकरिता' अशा अर्थाचं. १०२व्या स्तोत्रावर 'तेफिल्ला लेआनी' आहे, दीनाची प्रार्थना. तिथे कुणा एका कवीचं नाव नाहीच. ९२व्यावर 'लेयोम हाश्शाब्बात', शब्बाथाच्या दिवसासाठी; दिवस काही स्तोत्र रचत नाही.

दुसऱ्या बाजूने, लामेदचा रचनाकाराशी संबंध नसतोच असं म्हणणंही घाईचं. नवशिक्याला माझा सल्ला: वहीत 'दाविदाचं' लिहा, कारण आपला 'चं' लामेदइतकाच सैल आहे. 'तुकारामाचा अभंग' म्हटलं की रचलेला, आणि 'विठोबाचा अभंग' म्हटलं की विठोबाविषयी. प्रत्यय तोच. 'दाविदाने रचलेलं' असं लिहिलंत, की मजकुरात नसलेलं काहीतरी तुम्ही घातलंत.

२४व्या स्तोत्राची पहिली ओळ सरावाला उत्तम आहे: 'लेदाविद मिझमोर. लादोनाय हाआरेत्स उमेलोआह.' दाविदाचं स्तोत्र. पृथ्वी आणि तिच्यातलं सारं काही प्रभूचं आहे. (देवाचं नाव वाचताना 'अदोनाय' म्हणतात, त्याला लामेद लागून 'लादोनाय'.) शेजारच्या दोन वाक्यांत दोन लामेद: पहिला सैल, दुसरा पक्का मालकीचा, रांजणाच्या कानावरच्या शिक्क्यासारखा.

सहावी पायरी: जिथे 'ला' सोडून द्यावा लागतो

'होणे' या क्रियापदासोबत आलेला लामेद रूपांतर दाखवतो. उत्पत्ती २:२४, 'वेहायू लेवासार एखाद', ती दोघं एकदेह होतील. इथे 'देहाला होतील' म्हणून चालत नाही, मराठीत लामेद गाळायचा. कुणाला पदावर बसवतात तिथे 'म्हणून' वापरा: १ शमुवेल १५:१ मध्ये 'लिमशोखोखा लेमेलेख', तुला राजा म्हणून अभिषेक करायला. काळासाठी: 'लेओलाम' म्हणजे सर्वकाळ, १३६व्या स्तोत्रात 'की लेओलाम खासदो' हे पालुपद २६ ओळींत २६ वेळा येतं. 'लेमोर' अक्षरशः 'म्हणायला', पण काम करतो अवतरणचिन्हाचं. 'असं म्हणून' पुरे. 'लिफ्ने' म्हणजे 'च्या तोंडासमोर', समोर किंवा आधी.

उत्पत्ती १२:१ मध्ये देव अब्रामाला म्हणतो, 'लेख लेखा'. दोन्ही शब्दांची व्यंजनं एकच, ल-ख ल-ख. पहिला म्हणजे 'जा'. दुसरा लामेदचा: 'तुला'. 'जा तुला'? मध्ययुगातले ज्यू भाष्यकार रब्बी राशी याचा अर्थ 'तुझ्या भल्यासाठी, तुझ्या हितासाठी' असा लावतात. व्याकरण एवढंच सांगतं की जाणाऱ्याचं स्वतःशी असलेलं नातं इथे दाखवलं आहे. इंग्रजी इथे अडखळते. मराठीला ही लकब अवगत आहे: 'तू आपला नीघ.' 'मी आपला गप्प बसलो.' त्या 'आपला'ला शब्दकोशी अर्थ देता येत नाही, पण तो काढला तर वाक्यातला जिव्हाळा जातो. बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्यात प्रियकर प्रेयसीला म्हणतो 'लेखी लाख', तू आपली ये, चल. तिथेही हेच.

एक सापळा

'लो' दोन आहेत. लामेद-वाव म्हणजे 'त्याला, त्याचा'. लामेद-आलेफ म्हणजे 'नाही'. कानाला एकच. जुन्या लेखनिकांचीही इथे अडचण झाली आहे. १००व्या स्तोत्राच्या ३ऱ्या ओळीत मजकुरात लामेद-आलेफ लिहिलेलं आहे: त्याने आम्हाला घडवलं, आम्ही नाही. पानाच्या समासात मात्र वाचायची सूचना आहे लामेद-वाव: त्याने आम्हाला घडवलं, आम्ही त्याचेच. पाठ म्हणताना दुसरं म्हणतात. दोन्ही अर्थ लागतात, म्हणूनच हा प्रश्न जुना आहे. 'लो' ऐकून थांबू नका, पानावर शेवटचं अक्षर पाहा.

आता स्वतः करून बघा

स्वरचिन्हांसह छापलेला हिब्रू मजकूर घ्या, एक पेन्सिल घ्या. यिर्मया ३१:३३ मधला हा तुकडा उतरवून अव्यय असलेल्या प्रत्येक लामेदला गोल करा:

वेहायीती लाहेम लेलोहीम, वेहेम्मा यिह्यू ली लेआम.

चार गोल व्हायला हवेत. 'वेहायीती' म्हणजे मी होईन, 'यिह्यू' म्हणजे ते होतील, 'हेम्मा' म्हणजे ते. 'लाहेम': त्यांना. 'लेलोहीम': लामेद अधिक एलोहीम, 'होणे'सोबत आलेला, म्हणून रूपांतराचा. 'ली': मला. 'लेआम': लामेद अधिक आम, म्हणजे लोक, पुन्हा रूपांतराचा. पहिला कच्चा मसुदा असा येईल: मी होईन त्यांना देव, आणि ते होतील मला लोक. तो तसाच लिहून काढा, लाजू नका, हिब्रूची घडण त्यात उघडी दिसते. मग मालकीच्या दोन लामेदांना षष्ठी द्या, रूपांतराचे दोन गाळा: मी त्यांचा देव होईन, आणि ते माझे लोक होतील.